तुम्ही विचारलंत म्हणून: गार, थेंब आणि पंख

काटोलकडच्या आमच्या गावात सुट्टीवर गेलो की पारावर हा प्रश्न ठरलेला. "भाऊ, विमान टनावारी सामान उचलते, मंग बोटभर बर्फानं कसं काय पडते? अन् एवढ्या उन्हाळ्यात बर्फ येते कुठून?"

माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत झाली, म्हणून मलाच विचारतात.

बर्फ कुठून येतो हे संत्रेवाल्यांना वेगळं सांगायला नको. मार्चमध्ये आंबिया बहार झोडपणारी गार ज्या ढगात घडते, तिथूनच. वर जावं तशी हवा किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. तिथले थेंब उणे दहालाही पाणीच असतात, गोठायला त्यांना टेकू लागतो. गारेवर आदळले की गार फुगते. पंखाच्या पुढच्या कडेवर आदळले की तिथेच बर्फ धरतो.

आता वजन. तुमचा सगळा भर त्यावर असतो, पण घात करतो तो आकार. हवा पंखाच्या पाठीला चिकटून वाहते, तोवर पंख विमान उचलून धरतो. पाटात ढेकूळ पडलं की पाणी कसं घुमतं, तशी बर्फाच्या खरबरीतपणानं हवा विस्कटते. जाड पॉलिश पेपरइतका खरबरीत थर उचल 30 टक्क्यांपर्यंत घटवतो, हवेचा अडथळा 40 टक्क्यांपर्यंत वाढवतो. नाक थोडंसं वर केलं तरी हवा पंख सोडून देते. सगळ्यात वाईट म्हणजे धोक्याची सूचना देणारी यंत्रणा स्वच्छ पंखाच्या हिशेबानं बसवलेली असते. ती वाजण्याआधीच पंख दगा देऊ शकतो.

31 ऑक्टोबर 1994 ला अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर-72 हे प्रवासी विमान पडलं, 68 माणसं गेली. पंखाच्या कडेवर फुगून बर्फ फोडणारे रबरी पट्टे त्यात होते आणि चालूही होते. पण मोठे थेंब पट्ट्यांच्या मागे सरकून गोठले, तिथे बर्फाचा बांध उभा राहिला आणि विमान कलंडवणारी झडप आपोआप वर ओढली गेली. नंतर ते पट्टे रुंद केले. या अपघाताचा चौकशी अहवाल मी कित्येकदा वाचलाय. दरवेळी थेंबांच्या आकारापाशी थांबतो.

हिवाळ्यात श्रीनगरला पहाटे आम्ही हातमोजा काढून पंखावर बोटं फिरवायचो, कारण काचेसारखा बर्फ डोळ्यांना दिसत नाही. बोटांना थर लागला की विमान थांबायचं. गरम द्रावणाचा फवारा मारायचा आणि पुन्हा हात फिरवायचा.