डोळे पेटत नाहीत हो

रात्री साडेदहाचा सुमार. विक्रोळीच्या खारफुटीच्या कडेला कुणीतरी मोबाइलचा टॉर्च मारला आणि आत दोन हिरवट ठिपके उमटले. "बघ, कोल्ह्याचे डोळे पेटलेत!"

तो 'पेटलेत' डोक्यातून जाईना.

कोल्ह्याच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो, टॅपेटम ल्युसिडम. उजेड टिपणाऱ्या पेशींच्या हातून निसटलेला उजेड तिथून परततो आणि त्यांना दुसरी संधी मिळते. चित्र जरा धूसर होतं, पण अंधारात तेवढं चालतं. उजेड आल्या वाटेनेच मागे फिरतो, म्हणून टॉर्च कमरेशी धरला तर चमक जवळपास दिसतच नाही. डोळ्यालगत धरावा लागतो.

खोकडाची (फॉक्स) बाहुली मांजरासारखी उभी चीर, कोल्ह्याची (जॅकल) गोल. (आपण दोघांनाही सर्रास कोल्हाच म्हणतो, ते वेगळं.)

शिकार मात्र आधी कानांवर. गवतात उंदीर खसपसला की खोकड थबकतं, मान कलती करतं, दोन्ही कानांत आवाज पोचण्यातला बारीकसा फरक जोखतं आणि वरून झेप घेऊन पुढच्या पायांनी दाबतं.

आणि टॉर्च? अंधाराला सरावलेल्या पेशी झोतात दिपतात, पुन्हा सरावायला वेळ लागतो. तोवर कोल्ह्याच्या तोंडचा खेकडा बिळात.