ए की डी? कोडिंग शिकतानाचा माझा अनुभव

बी.फार्म झाल्यावर मी मेडिकल कोडिंगला लागले, म्हणजे डॉक्टरने लिहिलेल्या आजाराला किंवा इजेला ठरलेला कोड लावायचं काम. ऑफिस पणजीत, पेशंट अमेरिकेतले, येणंजाणं फोंड्याहून कदंबाच्या बसने. आई शेजारणीला सांगते "कॉम्प्युटरवर काय ते करते", आणि मीही ते तेवढ्यावरच सोडलंय.

तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० ही आजारांच्या कोडची यादी चालते. त्यात इजेच्या बहुतेक कोडना शेवटी सातवं अक्षर लागतं, ए म्हणजे इनिशियल (सुरुवातीची भेट), डी म्हणजे सब्सिक्वेंट (नंतरची भेट), एस म्हणजे जुन्या दुखण्याचा मागे राहिलेला परिणाम. कोड आखूड पडला तर मधे एक्स भरून अक्षर सातव्याच जागी न्यायचं. नावावरून कुणालाही वाटणार की पहिल्यांदा आला तर ए, परत आला तर डी, पण तसं अजिबात नाही, आणि आमच्या बॅचचं अर्धं ट्रेनिंग यातच गेलं.

सीनियर ताईने एक चार्ट, म्हणजे पेशंटच्या नोंदी, पुढ्यात ठेवला. उजव्या मनगटाजवळ हाड मोडलेलं, इमर्जन्सीत स्प्लिंट बांधून घरी पाठवलेला, त्याचा कोड एस५२.५०१ए. मग तोच माणूस काही दिवसांनी ऑर्थोकडे, म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडे, तिथे डॉक्टरने प्लेट बसवायचं ठरवलं. "आता काय लावशील गो?" दुसरी व्हिजिट, डॉक्टरही दुसरा, तरी ए च! कारण इजेवरचे मुख्य उपचार अजून चालूच आहेत. ऑपरेशनलाही ए. पुढे नुसतं हाड जुळतंय का बघायला, टाके काढायला आला की डी. व्हिजिट कितवी ते मोजायचंच नाही, डॉक्टर त्या दिवशी काय करतोय ते वाचायचं.

फ्रॅक्चरमधे तर अजून फाटे आहेत. जुळायला उशीर होतोय तर जी, जुळलंच नाही तर के, वाकडं जुळलं तर पी, आणि उघडं फ्रॅक्चर, म्हणजे कातडीला जखम होऊन हाड उघडं पडलेलं, असेल तर अक्षरं आणखी वेगळी. डॉक्टरने उघडं की बंद लिहिलंच नसेल तर बंद धरायचं, पण हाड सरकलंय की नाही लिहिलं नसेल तर सरकलंय धरायचं. एकाला सौम्य, दुसऱ्याला कडक, हे मला अजून पटलेलं नाही, पण नियम म्हणजे नियम.

आफ्टरकेअरचे, म्हणजे उपचारांनंतरच्या देखभालीचे, झेड कोड दिसले की हात शिवशिवतात, ते इथे लावायचे नाहीत, डी आलं की आफ्टरकेअर त्यातच आली. ऑडिटवाले नेमकं तेच धरतात. आता चार्ट उघडला की मी तारीख नंतर बघते, आधी खाली लिहिलेला डॉक्टरचा उपचारांचा प्लॅन वाचते.