वहीनं दारू सुटते का?

‘तुम्ही म्हणे लिहून आणि ध्यान करून दारू सोडलीत?’ असं मला बरेचदा विचारतात. विचारणारी बहुतेक वेळा पिणाऱ्याची आई असते नाहीतर बायको. पिणारा स्वतः क्वचितच.

तर, नाही. सोडली ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात; प्रसंगी जिवावर बेततं. तिथे वही उघडून उपयोग नाही. वहीचं काम नंतरचं, तलफ येते तेव्हाचं.

तेव्हा मी ‘आज फार उदास वाटतंय’ असलं लिहीत नाही. त्यानं आपलीच आपल्याला कीव यायला लागते, आणि कीव आली की बाटली फार लांब नसते. मी शरीर लिहितो. ‘सात दहा. घसा कोरडा. जबडा आवळलेला. पाय हलतोय. मघाशी भावाचा फोन.’ मग श्वासाकडे लक्ष देत बसायचं. थोड्या वेळानं पुन्हा: ‘सात पस्तीस. जबडा सैल. भूक लागलीय.’ तलफ म्हणून जे आलं होतं ते कितीदा तरी नुसती भूक निघते, नाहीतर राग, एकटेपणा किंवा थकवा.

अ‍ॅलन मार्लॅट हे मानसशास्त्रज्ञ तलफेला लाट म्हणत. तिच्याशी झुंजायचं नाही, चढते-ओसरते ते बघायचं. त्यांच्या सहकाऱ्यांनी २८६ जणांवर केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. उपचारांनंतर सजगतेचा, म्हणजे असं नुसतं बघत राहण्याचा, सराव शिकलेल्यांचे नशेचे दिवस वर्षाअखेरीस इतरांपेक्षा कमी होते. कमी, शून्य नव्हे. मला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो.

जुन्या जखमांवर लिहायचं असेल तर मात्र जपून. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्या आघातांविषयी लिहीत होते. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या, पण लिहून उठल्या उठल्या त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटायचं. सोडून थोडेच दिवस झालेल्यानं रात्री एकट्यानं हे उकरू नये. समुपदेशक सोबत असताना करावं.

आणि तुम्ही, आई असा की बायको, ती वही वाचू नका. उशाखाली सापडली तरी नाही. कुणी वाचतंय असा नुसता संशय आला, तरी तो तुम्हाला बरं वाटेल तेच लिहायला लागेल.