आजीचं भिडं आणि माझा गॅस

घावनाच्या मधोमध करपलेली बांगडी आणि कडेला ओलं पीठ, असं सलग तीन रविवार झाल्यावर मी आधी तांदळाला दोष दिला. मग पीठ जास्त पातळ झालं म्हटलं, मग पुण्याच्या पाण्याला नावं ठेवली. तव्यावर संशय घ्यायचं मनातच आलं नाही, कारण तवा आजीचा होता.

तवा म्हणायची खरं तर सोय नाही. आईच्या माहेरी, कणकवलीकडे, त्याला भिडं म्हणतात. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काळं कुळकुळीत, 12 इंची, दोन बाजूंना कान. वजन तीन किलोच्या वर. आजीनंतर वाटणीत मी तेवढंच मागून घेतलं होतं. नव्या फ्लॅटमध्ये काचेची तीन बर्नरची शेगडी घेतली: डावीकडे मोठा बर्नर, उजवीकडे मध्यम, मधे मागे सरकलेला बारका. उजव्या हाताला बरं पडतं म्हणून मी भिडं उजवीकडच्या मध्यम बर्नरवर ठेवत होते. इतकं साधं कारण.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तां चुलीचां भिडां गो. तुझ्या गॅसाक झेपाचां नाय."

मला आधी ते टोमण्यासारखं वाटलं. नंतर आजीची चूल डोळ्यांसमोर आणली. सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालांचा, जाळ अख्ख्या तळाला चाटत असायचा, खाली निखारे पसरलेले, आणि भिडं तापायला आजी चांगली पंधरा मिनिटं द्यायची. तेवढ्यात तिचं खोबरं किसून व्हायचं. माझ्याकडे मात्र जाळ एका वाटीएवढ्या गोलातून येत होता, आणि मी दोन मिनिटांत पीठ ओतत होते.

जाळ नक्की कुठे लागतो हे बघायला मी एक उद्योग केला. कोरड्या भिड्यावर गव्हाचं पीठ चाळणीने भुरभुरलं आणि मध्यम आचेवर गॅस लावून उभी राहिले. दोनेक मिनिटांत मधे तपकिरी बांगडी उमटली, ती काळी पडेपर्यंत बाहेरचं पीठ पांढरंशुभ्र. पण बांगडी पूर्ण गोल नव्हती. खिडकीकडच्या बाजूला ती फिकट होती, जवळजवळ तुटलेली. गॅस बंद करून, गार झाल्यावर बर्नरचं झाकण काढलं तर त्या बाजूची सात-आठ भोकं उतू गेलेल्या दुधाने बुजलेली. टाचणीने साफ केली, धुऊन पूर्ण वाळवून बसवलं, तेव्हा ज्योत सगळीकडून सारखी निळी आली. तवा बदलायच्या आधी हे करावं. माझं निम्मं दुखणं तिथेच होतं आणि मी तांदूळ बदलत बसले होते.

उरलेलं निम्मं मोजून कळलं. शिवणाची टेप घेतली (ज्योतीजवळ नेऊ नका, मी गॅस बंद करून पिठाची बांगडी मोजली). मध्यम बर्नरवर बांगडी 10 सेंटीमीटरची, मोठ्यावर 13. भिड्याचा तळ 27. म्हणजे मध्यम बर्नरवर ज्योतीच्या बाहेर चहूबाजूंनी साडेआठ सेंटीमीटर बीड, ज्याला खालून जाळच नाही. तिथवर उष्णता बिडातूनच सरकत जायची, आणि बीड त्या कामात मंद. ॲल्युमिनियममधून उष्णता त्याच्या चौपट सहज पसरते. बिडाचा गुण वेगळा: एकदा तापलं की ते तापलेलं राहतं. म्हणून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं कोरडंच ठेवलं की कड बरीच सुधारते, हेही पिठाने दाखवलं. (नॉनस्टिकला असं रिकामं तापवू नये, त्याचा लेप खराब होतो.)

मग भिडं मोठ्या बर्नरवर का नाही हलवलं? हलवलं की. घावन सुधारलं, बाकी स्वयंपाक अडला. मोठ्या बर्नरच्या मध्यापासून मधल्या बारक्याच्या मध्यापर्यंत अंतर 23 सेंटीमीटर. भिडं वरच्या काठाशी 12 इंच, म्हणजे 30 सेंटीमीटर, त्याचा अर्धा भाग 15. उरले 8, म्हणजे शेजारी फार तर 16 सेंटीमीटरचं भांडं मावणार. माझं दुधाचं पातेलं 20 चं. शिवाय भिड्याची कड पुढे बटणांच्या डोक्यावर यायची आणि बटण फडक्याशिवाय धरवेना. शेगडीबरोबर आलेल्या माहितीपत्रकात लिहिलेलंच होतं की फार मोठं भांडं ठेवलं तर उष्णता खाली अडकून काचेला धोका होतो. ते पत्रक मी न वाचता ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. सगळेच टाकतात.

म्हणून छोटा तवा मागवला, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन पडले. ऑनलाइन '24 सेंटीमीटर' वाचून घेतलेलं नॉनस्टिक पॅन आलं तेव्हा ते 24 म्हणजे वरच्या काठापासून काठापर्यंत होतं. बाजू तिरक्या, खालचा सपाट तळ 17 चा. ते मोठ्या बर्नरवर ठेवून गॅस पूर्ण सोडला. ज्योत तळाखाली मावेना, बाजूने वर आली आणि दांड्याच्या मुळाशी काळा फोड उठला. घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. नवरा बाहेरून आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "आज काय केलंयस?" ते पॅन आता उजवीकडच्या बर्नरवर, ऑम्लेटपुरतं. तिथे त्याची काही तक्रार नाही.

यानंतर मात्र मी पुठ्ठा घेतला. कुरिअरच्या खोक्यातून 24, 26 आणि 28 सेंटीमीटरचे तीन गोल कापले आणि गॅस बंद ठेवून शेगडीवर मांडून बघितले. शेजारी दुधाचं पातेलं, पलीकडे कुकर. 28 चा गोल पातेल्यावर चढला. 26 चा जेमतेम टेकला. 24 ऐसपैस, पण भाकरीला उलथनं फिरवायला जागा उरेना. माझी भाकरी 20 च्या आसपास होते.

पुठ्ठ्याचा तो 26 चा गोल पिशवीत घालून बोहरी आळीतल्या भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग पुठ्ठ्याकडे बघितलं. "ताई, तवा घ्यायचाय की केकचं खोकं?" पण मोजायला दिलं त्यांनी. तवे पालथे घालून मी तळावर टेप लावत होते. एकाच मापाचे म्हणून ठेवलेल्या तीन बिडाच्या तव्यांचे तळ 20, 22 आणि 23 निघाले. मग त्यांनाच गंमत वाटायला लागली आणि त्यांनी स्वतःहून माळ्यावरचे दोन खाली काढले. मी 22 तळाचा घेतला. हिशोब असा: मोठ्या बर्नरची बांगडी 13, म्हणजे बाहेर साडेचार-साडेचार, माझी जेमतेम तीन बोटं. भिड्याच्या बाबतीत ती चार-पाच बोटं होत होती. हे तीन बोटांचं माप कुठे छापलेलं नाही, माझ्या शेगडीवर पीठ जाळून काढलंय. पातळ ॲल्युमिनियमच्या तव्याला चार बोटंही चालतील.

तव्याला पट्टी लावून सपाटीही बघितली. तळाला पोट आलेलं असेल तर तो शेगडीच्या काट्यांवर डुगडुगतो.

घरी धुतला, तेलाचा हात दिला, तापवला, गार केला, असं चारदा. त्यावर दोन कांदे परतून टाकून दिले. रविवारी तांदळाचं पीठ पातळ भिजवलं, नारळाच्या शेंडीने तेल फिरवलं, मंद आचेवर आठ मिनिटं तापू दिलं आणि मग आच वाढवून कडेकडून आत पीठ सोडलं. जाळी पडण्याचा तो चर्र आवाज या वेळी कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा आला.

भिडं विकायचा प्रश्नच नाही. मे महिन्यात गावी जाताना गाडीत ठेवणार आहे, मागच्या पडवीत चूल अजून आहे.

पहिलं घावन मात्र चिकटलं. पहिलं चिकटतंच. ते खरवडून मी ओट्याजवळ उभ्यानेच खाल्लं आणि दुसरं घातलं.