ताईंचा ब्राउझर

कापूस वेचणीचे दिवस होते. दिग्रसहून सुटलेल्या लाल डब्यात वेचणीला निघालेल्या बायांची गर्दी, आणि त्यात मांडीवर अवजारांची बॅग घेऊन मी. दारव्हा रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेतून फोन आला होता, ‘कॉम्प्युटर बिघडला, आजच या.’

कार्यालयात ताई एकट्याच होत्या. त्यांना दिसत नाही. एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर पडद्यावरचं वाचून दाखवतो आणि त्या कीबोर्डवर काम करतात. टेबलावर माउस नव्हताच. एफ आणि जे या कळांवरच्या बारीक उंचवट्यांवर त्यांची बोटं टेकलेली होती.

“भाऊ, फॉर्म मी फायरफॉक्समंदी भरते,” त्या म्हणाल्या. “मंग मेलवर लिंक येते. ते दाबली का दुसरंच काहीतरी उघडते. लॉगिन नाही, काही नाही. काहून होऊन राह्यलं असं?”

विद्यार्थ्यांचे १४ शिष्यवृत्ती अर्ज अडकले होते आणि दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. मेलमधली पडताळणीची लिंक ज्या ब्राउझरमध्ये लॉगिन केलं आहे तिथंच उघडायला हवी होती. त्यांनी माझ्यासमोर एंटर दाबलं, मग इन्सर्ट आणि टी. खिडकीचं शीर्षक ऐकायची ही कळ. आवाजानं विंडोजसोबतच येणाऱ्या एज या ब्राउझरचं नाव घेतलं.

“एजमध्येच लॉगिन केलं तर?” मी सुचवलं.

“करता येते ना. पण मले इथं कुठं काय हाय ते पाठ हाय. तिथं सारं पुन्हा शोधा लागते.”

मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं, पण ताईंचा दिवस वाया चालला होता. डोळस माणूस नव्या खिडकीवर नजर फिरवतो आणि दोन सेकंदांत सावरतो. ताईंना ती खिडकी कानानं, एकेक ओळ करत चाचपावी लागते. कोणता ब्राउझर चांगला हा वाद इथं गैरलागू होता. त्यांचा हात ज्याच्यावर बसला आहे, तोच उघडला पाहिजे.

आधी विंडोजच्या सेटिंग्ज पाहिल्या. अ‍ॅप्स, मग डिफॉल्ट अ‍ॅप्स. लिंक कशात उघडायची ते इथं ठरतं. तिथं फायरफॉक्सच होता. विंडोज ११ आलं तेव्हा प्रत्येक प्रकारच्या लिंकला आणि फाइलला ब्राउझर वेगवेगळा नेमून द्यावा लागायचा. २०२२ मध्ये मुख्य प्रकार एकदम नेमून देणाऱ्या एका बटणाची सोय झाली. ते बटण इथं कोणीतरी आधीच दाबलेलं होतं.

मग ताई मेल ज्यात वाचतात ते आउटलुक उघडलं. २०२३ पासून त्यात लिंकसाठी वेगळी सेटिंग आहे आणि ती मुळात एजवर असते. विंडोजमध्ये काहीही निवडलेलं असो, ती बदलल्याशिवाय मेलमधली लिंक तिकडंच जाते. मी कीबोर्ड ओढायला हात पुढं केला, तर ताई म्हणाल्या, “तुम्ही सांगा, मी दाबते.”

ऑल्ट, मग एफ, मग टी. पर्यायांची खिडकी उघडली. बाणाच्या कळेनं अ‍ॅडव्हान्स्ड. मग टॅब, टॅब, टॅब. आवाज भराभर बोलत होता. मला अर्धं कळत नव्हतं, त्यांना सगळं कळत होतं. ‘लिंक हँडलिंग’ ऐकू आल्याबरोबर त्या थांबल्या. खालच्या यादीतून त्यांनी डिफॉल्ट ब्राउझर निवडला आणि एंटर दाबलं.

पीडीएफही एजमध्ये उघडत होत्या. ती नेमणूक ब्राउझरच्या बटणात येत नाही. फाइलचा प्रकार शोधून निराळी करावी लागते. तीही केली.

राहिली टास्कबारवरची, म्हणजे पडद्याच्या तळाच्या पट्टीवरची, शोधपट्टी. तिथून उघडणाऱ्या वेबच्या लिंक साध्या एचटीटीपीएस पत्त्यानं जात नाहीत, एजसाठी राखलेल्या खास पत्त्यानं जातात. म्हणून डिफॉल्ट बदलून तिथं उपयोग होत नाही. असे पत्ते वळवून घेणारं एजडिफ्लेक्टर नावाचं छोटं साधन २०१७ मध्ये निघालं होतं. २०२१ च्या अखेरीस विंडोज ११ मध्ये तो मार्ग बंद झाला. एमएसएजरीडायरेक्ट हे तेच काम करणारं दुसरं साधन आहे, पण मुलांच्या बँक खात्यांची माहिती असलेल्या शाळेच्या मशीनवर कोणाला न विचारता असलं काही टाकणं मला पटत नाही.

त्यापेक्षा फायरफॉक्स टास्कबारवर सगळ्यात पहिला लावून दिला. आता विंडोजची कळ धरून १ दाबलं की तो समोर येतो, कंट्रोल आणि एल दाबलं की पत्त्याच्या जागी जाता येतं. शोधपट्टीची गरजच उरली नाही. ताईंनी हे चार-पाच वेळा करून पाहिलं, मध्ये मुद्दाम दुसऱ्या खिडकीत जाऊन परत आल्या.

मग पहिल्या अर्जाचा मेल उघडला. एंटर. इन्सर्ट आणि टी.

“मोझिला फायरफॉक्स,” आवाज म्हणाला.

ताईंनी लगेच एफ दाबून पुढचा रकाना गाठला. माझी परतीची बस पाचची होती. मी निघालो तेव्हा त्या सहाव्या अर्जावर होत्या, आणि दारात उभ्या असलेल्या मुलीला सांगत होत्या, “आधार कार्ड काढून ठेव वं, तुहाच नंबर हाय आता.”