फायनल नेरूळला, बॅग शंभर रुपयांना

आधी महत्त्वाचं सांगते, मग मॅच. नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला जाताना बॅग नेऊ नका. लहान नाही, मोठी नाही, खाऊची तर नाहीच नाही. मला तीन जणांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "छोटी सॅक चालते गं, बायका-मुलांना कोण अडवतंय!" त्या तिघांपैकी एकानेही या मैदानात पाऊल ठेवलेलं नाही, हे मला काल रात्री घरी आल्यावर कळलं.

तर काल, रविवार ३० ऑक्टोबर २०२२, सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल, स्पेन विरुद्ध कोलंबिया. आम्ही तिघी: मी, धाकटी बहीण आणि तिची बारा वर्षांची लेक. भाची शाळेच्या संघात डाव्या बाजूने खेळते, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. फायनल आठला, पण त्याआधी साडेचारला तिसऱ्या क्रमांकाची मॅच होती, नायजेरिया-जर्मनी. दोन्ही बघायच्या म्हणून दुपारीच निघालो.

ठाण्याहून जाणं सोपं आहे, त्यावर फार लिहीत नाही. नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून पनवेल किंवा नेरूळ गाडी पकडा, पस्तीसेक मिनिटांत नेरूळ. वाशीची गाडी धरलीत तर तुर्भ्याला उतरून बदला. रविवारचा रेल्वेचा मेगाब्लॉक आदल्या रात्री बघून घ्या. स्टेशनच्या पूर्वेला उतरून आम्ही चालत गेलो, रमतगमत अर्धा तास लागला. ऑक्टोबरचं ऊन होतं, घाम निथळला, पण एवढं चालवत नसेल त्यांनी मॅच टीव्हीवर बघावी. चप्पल नको, बूट घाला. का ते पुढे येईलच.

सव्वाचारला गेटवर. सॅकमध्ये काय होतं? दिवाळीचे उरलेले शंकरपाळे, चकल्या, पाण्याच्या दोन बाटल्या, पॉवर बँक, छत्री. भाऊबीज होऊन चारच दिवस झाले होते, डबे रिकामे करायचे होते, आणि आत खाण्याचे भाव काय असतात हे मला माहीत आहे. गेटवरच्या मुलीने चेन उघडून बघितली आणि मान हलवली. बाटली नाही, डबा नाही, पॉवर बँक नाही, छत्री नाही. "मग सॅक ठेवायची कुठे?" "बाहेर." "बाहेर म्हणजे?" "बाहेर मॅडम." एवढीच माहिती. गेटजवळ सामान ठेवायची सोय मला तरी दिसली नाही.

बाहेर म्हणजे कुठे ते शोधण्यात आमची अर्धी संध्याकाळ गेली. एका टपरीवाल्याने दुसरीकडे धाडलं, दुसऱ्याने तिसरीकडे. शेवटी कंपाउंडच्या पार पलीकडच्या अंगाला एका दुकानाच्या शटरखाली एक गृहस्थ खुर्ची टाकून बसलेले सापडले. मागे साठ-सत्तर बॅगांचा ढीग. दर बॅगेला शंभर रुपये, पावती म्हणून खडूने बॅगेवर आकडा आणि तोच आकडा तुमच्या तळहातावर बॉलपेनने. मी म्हटलं, पन्नास घ्या. ते म्हणाले, "ताई, मॅच बघायची का भाव करायचा?" प्रश्न बिनतोड होता. शंभर दिले. त्याआधी तिघींनी कट्ट्यावर बसून शंकरपाळ्यांचा अर्धा डबा संपवला, बाटल्याही तिथेच रिकाम्या केल्या. भाची वैतागून म्हणाली, "मावशी, आपण पिकनिकला आलोय का?" आतून आरडाओरडा ऐकू येत होता. रांगेत परत उभं राहून, तपासणी करून आत पोचलो तेव्हा पावणेसहा होऊन गेले होते आणि फलकावर नायजेरिया ३, जर्मनी ०. तिन्ही गोल आमच्या बॅगेने खाल्ले.

नशीब एवढंच की खरी मॅच त्यानंतर सुरू झाली. जर्मनीच्या मुलींनी एकामागून एक तीन गोल फेडले, शेवटचा तर अगदी संपता संपता. या स्पर्धेत जादा वेळ नसतो, थेट पेनल्टी. त्यात नायजेरिया ३-२ ने जिंकली. त्यांच्या मुली ज्या धावत सुटल्या, ते बघून माझी बहीणही उभी राहून ओरडत होती. तिला ऑफसाइड म्हणजे काय हे अजून माहीत नाही.

आता बसायचं कुठे. हे मैदान मुळात क्रिकेटचं. इथे आयपीएलची फायनल झाली आहे आणि २०१७ ला मुलांच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची सेमीफायनलसुद्धा, पण मैदान गोल ते गोलच. फुटबॉलचा चौकोन मध्ये आखला की खालच्या रांगेतून खेळाडू लांब दिसतात आणि पलीकडच्या टचलाइनवर, म्हणजे बाजूच्या रेषेवर, काय चाललंय ते समजतच नाही. "खाली बस, जवळून दिसतं" हा सल्लाही मला मिळालेला, तोही चुकीचा. वरचा मजला घ्या. छताला मध्ये खांब नाहीत, त्यामुळे वरून सगळा खेळ पत्त्यांसारखा मांडलेला दिसतो. पहिली मॅच आम्ही खालून बघितली. फायनलला वर गेलो असतो, पण तिकिटावरच्या स्टँडबाहेर कोणी जाऊ देईना. तिकीट काढतानाच विचार करा.

फायनलबद्दल स्पष्ट लिहिते. पहिला अर्धा तास उत्सुकता होती, नंतर जांभया. स्पर्धेच्या गट फेरीतही याच दोघींची गाठ पडली होती आणि तेव्हाही स्पेन १-० ने जिंकली होती, त्यामुळे दोन्ही संघ एकमेकींना ओळखून खेळत होत्या. चेंडू जास्त वेळ स्पेनकडे, पण गोल होईना. आसपासचे अर्धेअधिक लोक कोलंबियाच्या बाजूने, आणि त्याचं कारण एकच, लिंडा कैसेदो. ही पोरगी याच वर्षी जुलैत मोठ्यांच्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली, ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील विश्वचषक खेळली आणि ऑक्टोबरमध्ये नेरूळला सतरा वर्षांखालच्यांत. तिच्याकडे चेंडू गेला की स्टँड उभा राहायचा. कोलंबियाचा, पुरुष धरा की बायका, फिफाच्या विश्वचषकाची फायनल खेळणारा हा पहिलाच संघ. मीही त्यांच्याच बाजूने होते.

८२ व्या मिनिटाला गोल झाला, स्वयंगोल. कोलंबियाच्याच बचावपटूकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. सोळा-सतरा वर्षांची पोर आहे, आयुष्यभर तिला तो गोल दाखवत राहतील, त्यात माझी भर नको. १-०. स्पेनने २०१८ नंतर लागोपाठ दुसऱ्यांदा कप नेला. बक्षीस समारंभ आम्ही पुरता पाहिला, आणि चूक तिथेच झाली.

कारण बाहेर पडताना ज्या गेटने आत गेलो होतो ते बंद. दोर लावून सगळ्यांना दुसऱ्याच बाजूला वळवलेलं. आमची सॅक मात्र त्या शटरखाली, विरुद्ध टोकाला. रात्री सव्वादहाला, गर्दीच्या उलट दिशेने, तिघी हातात हात धरून अख्ख्या कंपाउंडला वळसा. त्यात एका ठिकाणी फूटपाथ नाहीच, लावलेल्या बाइक आणि हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या यांच्या मधल्या हातभर जागेतून एकामागे एक जायचं. सिंहगड चढताना मी इतकी घाबरले नाही. बूट घाला म्हटलं ते यासाठी. बहिणीच्या चपलेचा अंगठा तिथेच तुटला.

शटरवाले गृहस्थ होते, ही त्यांची कृपा. तळहातावरचा आकडा घामाने पुसला गेला होता. सॅक मी ओळखली, तेही म्हणाले हीच, आणि मग, "रात्रीचे पन्नास वेगळे." मी भांडले. पाच मिनिटं मनापासून भांडले. शेवटी वीस रुपये आणि उरलेल्या चकल्या, यावर मिटलं. एकशेवीस रुपये मोजलेल्या सॅकमध्ये काय होतं म्हणाल तर एक छत्री आणि पॉवर बँक.

स्टेशनला परतायला रिक्षा केली, बहिणीच्या चपलेमुळे. ऑक्टोबर २०२२ पासून मीटरचं कमीत कमी भाडं २३ रुपये झालं होतं, त्या हिशोबाने तीसेक रुपयांत काम व्हायला हवं होतं. पहिल्याने दोनशे सांगितले, दुसऱ्याने दीडशे. "आज छठपूजा आहे, गाड्याच नाहीत." दीडशे दिले आणि तिथून पुढे कोणाशीच भांडले नाही. तुम्ही चाला. शंभर पावलं पुढे मुख्य रस्त्यावर गेलात तर मीटरवाला मिळतो, हे आम्हाला रिक्षात बसल्यावर बाहेर बघताना दिसलं.

रात्री उशिरा ठाण्याच्या गाड्या विरळ होतात. आमची एक डोळ्यांदेखत सुटली, पुढच्या गाडीसाठी बराच वेळ बाकावर. समारंभ सोडून दहा मिनिटं आधी निघालात तर ती मिळेल. भाची माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, हातात स्पर्धेच्या शुभंकराचं (मॅस्कॉटचं), इभाचं चित्र छापलेला पुठ्ठा.

ठाणे पूर्वेला उतरलो तेव्हा बाराला पाच कमी होते. रिक्षावाल्याने न बोलता मीटर टाकला. बारानंतर सव्वापट लागतं, म्हणून बहिणीला तुटक्या चपलेनिशी जिन्यावरून पळवलं होतं.