फोकर आइनडेकर आणि एका कॅमचे टायमिंग

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नोकरीची सगळी वर्षे माझ्या हाताखालून कॅम, म्हणजे कडेला उंचवटा असलेल्या यंत्रातल्या चकत्या, गेले. फिरणाऱ्या कॅमचा उंचवटा फॉलोअरला, म्हणजे त्यावर टेकलेल्या भागाला, ज्या क्षणी उचलतो तो क्षण केसभर चुकला, तरी पुढचे हत्यार भलत्याच जागी उतरते आणि जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, भंगारात जातो. त्यामुळे पहिल्या महायुद्धातील फोकर आइनडेकर या जर्मन लढाऊ विमानाविषयी वाचू लागलो, तेव्हा माझे लक्ष त्याच्या पंखांपेक्षा त्याच्या इंजिनावर चालणाऱ्या एका कॅमकडेच गेले.

आइनडेकर म्हणजे एकपंखी. अँथनी फोकर मूळचा डच, पण त्याचा कारखाना जर्मनीत श्वेरीन येथे होता. फ्रेंच मोरान-सोल्निए विमानावरून त्याने आपले एम-५ हे विमान बेतले, आणि त्यातूनच आइनडेकर घडले. सांगाडा मात्र पोलादी नळ्या वेल्ड करून बनवला. पंखांना एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या झडपा, नव्हते, त्यामुळे विमान कलते करायचे तर तारा ओढून पंखच पिळावा लागे.

एप्रिल १९१५मध्ये रोलाँ गारोस या फ्रेंच वैमानिकाने विमानाच्या नाकावरील पंख्याच्या पात्यांवर पोलादी पाचरी बसवून त्यांच्यामधून गोळीबार केला. पात्यावर आलेली गोळी पाचरीवरून घसरून बाजूला जाई. त्याच महिन्यात त्याचे विमान जर्मनांच्या हाती पडले. फोकरच्या माणसांनी पाचरींची नक्कल केली नाही. त्यांच्या रचनेत वैमानिकाने कळ दाबली की फॉलोअर इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॅमवर टेके, कॅम एका दांड्याला ढकले आणि तो दांडा पाते नळीसमोर नसेल तेव्हाच मशीनगन उडवी. मला ही कल्पना अतिशय देखणी वाटते, कारण तिच्यात नेम धरण्याचे साधन खुद्द विमानच होऊन जाते. १ जुलै १९१५ रोजी कुर्ट विंटगेन्स या जर्मन वैमानिकाने या यंत्रणेच्या जोरावर पहिले विमान पाडले, आणि १९१६च्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश व फ्रेंच वैमानिकांवर या विमानाची दहशत राहिली.

इंजिन ओबरउर्सेलचे रोटरी होते: क्रँकशाफ्ट स्थिर, सिलिंडर पंख्यासह फिरणारे, आणि वंगण एरंडेलाचे. आइनडेकरचे ई-१ ते ई-४ असे प्रकार निघाले. ई-१ला ८० अश्वशक्तीचे, सात सिलिंडरांचे इंजिन होते. ई-२ आणि ई-३ला १०० अश्वशक्तीचे, नऊ सिलिंडरांचे. सर्वाधिक संख्येने बनले ते ई-३. त्याचा वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर होता.

ई-४मध्ये १६० अश्वशक्तीचे, दोन रांगांत चौदा सिलिंडर असलेले जड इंजिन आणि दोन मशीनगन बसवल्या गेल्या. पंख पिळण्याची जुनी रीत मात्र तशीच राहिली. माझ्या मते फोकरने येथे ताकद वाढवली, विमान सुधारले नाही. ३१ मे १९१६ रोजी माक्स इमेलमान हा जर्मन वैमानिक ई-४ उडवत असताना टायमिंग बिघडले आणि त्याच्याच गोळ्यांनी पात्याचे टोक उडवले. तोल गेलेला पंखा इतका थरथरू लागला की इंजिन बुडातून निखळण्याच्या बेतात आले. त्याने इग्निशन बंद केले आणि विमान तरंगत खाली उतरवले. असमतोल चाकाचा थरथराट हाताखाली अनुभवलेल्या माणसाला त्या क्षणी त्याला काय वाटले असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

१८ जूनला इमेलमान ई-३मध्ये मारला गेला. ब्रिटिशांनी श्रेय आपल्या विमानातील मशीनगनवाल्याला दिले. जर्मन बाजूने पाते पुन्हा स्वतःच्याच गोळ्यांनी तुटल्याचेही म्हटले गेले. ३१ मेची घटना वाचल्यापासून दुसरे कारण मला अजिबात अशक्य वाटत नाही.